कडीमागचे चार हात

(ईट येथील आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या दिवशी चार शब्द बोलण्याचे काम चिटणीसबाईंनी मजवर सोपविले. विषय कोणता, असे त्यांनी विचारले तेव्हा मी सांगितले, "दाराची कडी." फोनवर त्यांना 'कढी' असे ऐकू आले आणि "मग खिचडी कोणाकडे सोपवू?" असा त्यांचा उलट प्रश्न आला. तेव्हा आरंभीच खुलासा करते की आज कढीही नाही आणि खिचडीही नाही. लोखंडाची, लोहाराने घडविलेली, दार ओढावयाची कडी एवढाच माझा विषय आहे.

हा विषय घेण्यास कारण घडले आहे. आपल्या मंडळाच्या खोलीचे बांधकाम आता दारांपर्यंत आले. चौकटी उभ्या राहिल्या, फळ्या रंधून तयार आहेत. मागच्या मासिक सभेत कड्या आणि मुठी कोठून आणाव्यात हा प्रश्न निघाला. काही भगिनींचे म्हणणे पडले की दुकानातून चकचकीत तयार मुठी आणाव्यात, म्हणजे काम एका दिवसात उरकेल. मी म्हटले, आपल्या गावच्या लोहाराकडून घडवून घ्याव्यात. बोलता बोलता चहा निवाला आणि निर्णय आजच्या सभेवर राहिला. म्हणून माझी बाजू नीट मांडण्यासाठी मी उभी आहे. मी सुताराची लेक. वडिलांना दारे बसविताना पाहिले आणि शेजारच्या लोहाराच्या भात्यावर अर्धे बालपण काढले. तेव्हा मी बोलते ते केवळ ऐकीव नव्हे, एवढे ध्यानात घ्यावे.

कडीसारख्या क्षुल्लक वस्तूवर भाषण कशाला, असे कोणाच्या मनात येईल. पण घरातील कोणत्या वस्तूला आपला हात सर्वांत जास्त वेळा लागतो, याचा विचार कधी केला आहे काय? मी एक दिवस सहज मोजून पाहिले. पहाटे सडा घालावयास दार उघडले तेव्हापासून रात्री आतून कडी लावीपर्यंत माझा हात त्रेपन्न वेळा दाराच्या कडीला लागला. घरातील पुरुषमंडळी सकाळी बाहेर पडतात ती सांजेला परततात. दाराशी दिवसभर व्यवहार आपलाच. कधी काखेत घागर असते, कधी कडेवर मूल, कधी हात पिठाने माखलेला. आणि हातात बांगड्या तर नेहमीच्याच. म्हणजे कडी कशी असावी हे ठरविण्याचा पहिला मान खरे तर बाईचा. परंतु घर बांधताना हे आपल्याला कोण विचारतो?

आपल्या बोलण्यात मात्र कडीला चांगलेच स्थान आहे. एखाद्याने दुसऱ्यावर मात केली की आपण म्हणतो, "याने तर कडीच केली." मौल्यवान वस्तू कडीकुलपात ठेवतो. कडी वाजली की आवाजावरून कोण आले ते ओळखतो. शेजारणीची टिचकी वेगळी, पोस्टमनची वेगळी आणि घाईने घरी आलेल्या पोराची तर साऱ्या गल्लीला ठाऊक. घराला बोलता येते ते कडीच्या तोंडून.

आता मुद्द्याकडे वळते. लोखंडाची किंवा इतर धातूची वस्तू दोन रीतींनी होते. एक ओतीव आणि दुसरी घडीव. धातू वितळवून साच्यात ओतला की ओतीव वस्तू होते. याचे मोठे उदाहरण आपल्याच जिल्ह्याशी निगडित आहे. विजापूरची प्रसिद्ध मुलूख मैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली आणि पुढे ती आपल्या परांड्याच्या किल्ल्यावर होती. तिथून ती विजापूरला गेली. तोफेसारखे प्रचंड काम ओतूनच व्हावयाचे. घडीव वस्तूची रीत निराळी. तिथे लोखंड वितळवीत नाहीत. ते तापवून मऊ करतात आणि ठोकून आकार देतात. आपल्याकडे पोळीची कणीक जशी मळून मळून चिवट होते, तसे तापल्या लोखंडाला योग्य ठोके बसले की त्याच्या अंगातील धागा सलग राहतो. अशी कडी ओढली, आपटली, तिच्यावर पोर लोंबकळले, तरी फार तर वाकेल, एकाएकी तुटणार नाही. दुकानातील हलक्या मुठी बहुधा जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतीव असतात. वरून मुलामा इतका सुंदर की आपले तोंड त्यात दिसावे, पण आत धातू ठिसूळ. आमच्या गल्लीतील एका घरी अशी मूठ अर्धी हातात आणि अर्धी दाराला राहिली, तेव्हा त्या माउलीच्या काखेत भरली घागर होती. घागर सांडली, पाय मुरगळला. सगळ्या तयार मुठी अशाच असतात असे मी म्हणत नाही. जाड पोलादाच्या उत्तम मुठीही मिळतात. पण त्या स्वस्त नसतात, आणि आपण स्वस्त म्हणूनच दुकानाकडे धाव घेत होतो.

कडी घडते कशी, ते थोडक्यात सांगते. प्रथम लोखंडाची निवड. कडीला मऊ लोखंड हवे. बैलगाडीच्या चाकावरची जुनी धाव किंवा बाजारात मिळणारी साधी तीन सुती सळई चांगली. ट्रकच्या कमानीचे पाते कोयत्याला, विळ्याला उत्तम, कारण त्याला धार आणि पाणी चढते. पण तेच पाते कडीला वापरून तापल्यावर पाण्यात बुडविले तर काचेसारखे ठिसूळ होते. जस्ताचा मुलामा असलेला पाइप किंवा पत्रा तर भट्टीत कधीच घालू देऊ नये. त्याचा धूर छातीत गेला की माणूस थंडीतापाने फणफणतो.

मग मापाचा हिशेब. तीन इंच रुंद कडी हवी असेल तर सळई किती कापावी? गोलाची रुंदी तीन पट करावी आणि वर थोडे अधिक धरावे. म्हणजे साडेनऊ इंच झाले, आणि दोन टोके एकमेकांवर चढविण्यास आणखी इंचभर. आमच्या शेजारचे लोहारकाका शाळेत गेले नव्हते, पण हा हिशेब सुतळीच्या तुकड्यावर चुटकीसरशी करीत. आमच्या गणिताच्या पुस्तकात पुढे तो मला भेटला तेव्हा जुनी ओळख निघाल्यासारखे वाटले.

त्यानंतर भट्टी. पूर्वी बाभळीचा कोळसा आणि कातड्याचा भाता असे. आता बहुतेक ठिकाणी दगडी कोळसा आणि हाताने किंवा विजेने फिरणारा पंखा असतो. लोखंड किती तापले हे लोहार रंगावरून ओळखतो. काळसर लाल म्हणजे सुमारे ६०० ते ७०० अंश; त्याच्या खाली ठोकले तर लोखंडाला चिरा पडतात. नारिंगी म्हणजे ९०० ते १००० अंश. वाकविण्यास, पसरविण्यास योग्य. पिवळा त्याहून वर. आणि पांढरा होऊन ठिणग्या उडू लागल्या की लोखंड जळू लागले असे समजावे. आपल्या भूम तालुक्यात खव्याच्या भट्ट्या घरोघरच्या परिचयाच्या आहेत. खवा करणाऱ्या बाईला कोणी घड्याळ दाखवावे लागत नाही. दूध आटताना बुडबुडा कसा फुटतो आणि रंग कधी वळतो यावर तिची नजर असते. क्षणभर चुकले की खवा करपला. लोहाराचेही तसेच. फरक इतकाच की करपलेला खवा कोणाच्या तरी पोटात जाऊ शकतो, जळलेले लोखंड भंगारातच जाते.

सळईची दोन्ही टोके आधी ठोकून निमुळती करतात. मग ती ऐरणीच्या टोकावर किंवा जाड गजावर वाकवून गोल करतात. टोके एकमेकांवर आली की त्यांवर टाकणखार किंवा बारीक वाळू टाकून पुन्हा तापवितात. त्याने लोखंडावरचा काळा पापुद्रा वितळून निघून जातो आणि स्वच्छ अंगाला स्वच्छ अंग भिडते. पांढऱ्या रंगाच्या उंबरठ्यावर आले की बाहेर काढून झटपट चार ठोके, आणि दोन टोकांचे एक शरीर होते. सांधा कोठे होता ते शोधूनही सापडत नाही. हे काम दोन-चार पळांत झाले पाहिजे. तेवढ्यात लोखंड निवते.

कडी एकटी दाराला बसत नाही. तिला धरावयास कोयंडा लागतो. लोखंडाची पट्टी गजाभोवती दुमडून वर डोळा आणि खाली दोन पाय करतात. डोळ्यात कडी अडकते आणि पाय दाराच्या आरपार जातात. कडी वाजून वाजून लाकडाला खड्डा पडू नये म्हणून मधे एक चकती घालतात. तिला छिन्नीने पाकळ्या पाडल्या की फूल होते. चौकोनी सळई मधोमध तापवून पिरगाळली की तिला पीळ पडतो, आणि ओल्या हातातून ती निसटत नाही. शोभेची वाटणारी ही नक्षी मुळात हाताच्या सोयीची आहे.

भगिनींनो, इथपर्यंत मी 'लोहार ठोकतो', 'लोहार वाकवितो' असे म्हणत आले. आता जरा भात्याजवळ जाऊन पाहू. लोहाराच्या डाव्या हातात सांडशी असते. तिने तापले लोखंड ऐरणीवर धरावयाचे. उजव्या हातात लहान हातोडा. मग जड ठोका कोण घालतो? लोहाराच्या पुढ्यात त्याची बायको उभी असते. पदर कमरेला घट्ट खोचलेला आणि दोन्ही हातांत चार-पाच किलोचा घण. लोहार लहान हातोड्याने जागा दाखवितो, त्याच जागी तिचा घण पडतो. त्याची टिचकी, तिचा ठोका, त्याची टिचकी, तिचा ठोका. हातोडा रिकाम्या ऐरणीवर वाजला की थांबावयाचे. एका शब्दाचीही देवाणघेवाण न होता हे चालते. तिचा घण बोटभर जरी चुकला तर नवऱ्याचा हात जायचा. भाता किंवा पंखा चालविण्याचे काम तिचेच, कोळसा पाखडण्याचे तिचेच, आणि मधेच रडणाऱ्या लेकराला झोळीत झोका देण्याचे कामही तिचेच.

गावोगाव फिरणाऱ्या घिसाडी समाजात तर ही गोष्ट ठळक दिसते. सुगीच्या आधी रस्त्याच्या कडेला त्यांची बिऱ्हाडे उतरतात, जमिनीतच भट्टी होते, आणि विळे, खुरपी, कुऱ्हाडी यांचे काम सुरू होते. भर उन्हात घण उचलणारी घिसाडी बाई आपण सर्वांनी पाहिली आहे. आपले पूर्वज चितोडचे, असे हे लोक सांगतात. राजस्थानातील गाडिया लोहारांचीही हीच परंपरा. चितोड पडले तेव्हा ते गड सोडून निघाले आणि स्वराज्य मिळेपर्यंत घरात राहावयाचे नाही अशी त्यांनी शपथ घेतली, असे सांगतात. ६ एप्रिल १९५५ रोजी पंडित नेहरूंनी त्यांना समारंभपूर्वक चितोडगडात परत नेले. ज्यांच्या हातच्या कड्या दुसऱ्यांच्या दारांना लागत होत्या, त्यांना स्वतःला दार नव्हते. आजही रस्त्याच्या कडेला पालात राहून दुसऱ्यांसाठी लोखंड घडविणारी कुटुंबे आपल्याला दिसतातच.

१९६५ मध्ये भालजी पेंढारकरांचा 'साधी माणसं' हा चित्रपट आला. त्यात लोहाराच्या संसाराची कथा आहे आणि ऐरणीच्या देवाची प्रार्थना करणारे त्यातील लताबाईंचे गाणे घरोघर गेले. आपल्यापैकी कितीजणी ते गुणगुणत स्वयंपाक करीत असतील! गाण्यात लोहाराच्या कारभारणीला जागा मिळाली. पण हिशेबाच्या वहीत मिळाली काय?

हा प्रश्न मी काल्पनिक विचारीत नाही. आपल्या खोलीच्या कड्यांचा अंदाज घ्यावा म्हणून मी मागच्या आठवड्यात आपल्या गावच्या भात्यावर गेले होते. लोहारदादांनी हिशेब सांगितला. लोखंड वजनावर, कोळसा पाटीवर आणि मजुरी एका माणसाची. मी लोहारीणमामींकडे वळून विचारले, "मामी, तुमची मजुरी किती धरली?" त्या घण टेकवून हसल्या आणि म्हणाल्या, "माझी कशाची मजुरी बाई? मी तर घरचीच." दादा क्षणभर गप्प राहिले. मग सांडशी खाली ठेवून म्हणाले, "तिच्या घणाबिगर माझी सांडशी रिकामीच हाय. पण आजवर कुणी इचारलं न्हाई, म्या बी मागितलं न्हाई."

भगिनींनो, दुसऱ्याच्या शेतात नवरा-बायको खुरपावयास गेली तर दोघांची मजुरी वेगळी मोजतात; कमी-जास्त का होईना, बाईच्या हातावर पैसे पडतात. १९७६ मध्ये समान कामाला समान वेतन देण्याचा कायदा झाला, त्यानेही मजूर बाईची बाजू थोडी बळकट झाली. पण जी बाई 'घरचीच' आहे, तिचा मालक कोण आणि तिचे वेतन कोणते? कायदा तिच्या भात्यापर्यंत पोहोचत नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी, म्हणजे आपल्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनीच, केंद्र सरकारने विश्वकर्मा योजना सुरू केली. अठरा हस्तव्यवसायांत लोहारकाम आहे. शिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, कमी व्याजाचे कर्ज, अशी ती योजना आहे आणि ती चांगली आहे. पण तिच्या नियमाप्रमाणे एका कुटुंबातून एकाच व्यक्तीची नोंद होते. बाईचे नाव घालण्यास मनाई नाही, हे खरे. तरी नाव एकच लिहावयाचे म्हटल्यावर आपल्या समाजात ते कोणाचे लिहिले जाते, हे मी सांगावयास हवे काय? ज्या कामाला चार हात लागतात त्याच्या अर्जावर दोन हातांचीच जागा आहे.

आता कडी दाराला बसविण्याकडे येते, कारण चांगली कडी वाईट बसविली तर सारे श्रम वाया. पहिली गोष्ट जागेची. बिजागऱ्यांच्या विरुद्ध कडेला, कडेपासून दोन-अडीच इंच आत ती असावी. बिजागरीपासून जितकी दूर तितके दार हलके. मधोमध बसविली तर दुप्पट जोर लागतो. उंची जमिनीपासून तीन ते साडेतीन फूट, म्हणजे आजीला वाकावे लागत नाही आणि शाळेतल्या मुलीचा हात पोहोचतो. सरळ मूठ असेल तर तिच्या आणि फळीच्या मधे किमान दीड इंच मोकळे हवे, नाहीतर बोटांची सालटी निघतात आणि बांगड्या फुटतात. दुकानातील मुठी करणाऱ्याने बांगड्यांचा हात कधी विचारात घेतला असेल असे मला वाटत नाही. आपल्या लोहारीणमामींच्या हातात स्वतःच्याच बांगड्या असल्याने त्यांना हे सांगावेच लागले नाही.

दुसरी गोष्ट भोकाची. जिथे मागून आडवी पट्टी आहे तिथेच भोक पाडावे, म्हणजे दोन जाडींचा आधार मिळतो. अर्धे भोक एका बाजूने आणि अर्धे दुसऱ्या बाजूने पाडले तर लाकडाची कपची उडत नाही. कोयंड्याचे पाय आत गेले की ते दोन बाजूंना फाकवून त्यांची टोके लाकडाच्या रेघांना आडवी ठोकून परत लाकडात घुसवावीत. रेघांच्या दिशेने ठोकली तर फळी चिरते. आतून ठोकताना बाहेरून कोणीतरी जड लोखंड टेकवून धरावे लागते, नाहीतर कोयंडा बाहेर सरकतो. माझे वडील दार बसवीत तेव्हा हे धरण्याचे काम आई करी. तिचेही नाव कोणत्या पावतीवर नव्हते.

तिसरी गोष्ट लाकडाची. आपल्या दोन्ही दारांच्या फळ्या बाभळीच्या आहेत. बाभळीत तुरट अंश फार; म्हणून तर तिच्या सालीने कातडे कमावतात. पावसाळ्यात ओल्या बाभळीला उघडे लोखंड लागले की भोवती काळा डाग पसरतो. पूर्वी हिरडा आणि हिराकस यांची शाई करीत. ही तीच किमया, फक्त नको त्या जागी. त्याला उपाय सोपा आहे. बसविण्यापूर्वी भोकात आणि चकतीखाली जवसाचे तेल भरपूर लावावे.

जवसाचेच का? जवस आपल्याला चटणीपुरता ठाऊक आहे. पण त्याच्या तेलाचा गुण असा की हवेत ते सुकून पातळ, घट्ट पापुद्रा होतो. करडईचेही सुकते, पण सावकाश. शेंगदाण्याचे सुकत नाही, चिकट राहते आणि धूळ धरते. कडी घडून झाली की ती तांबडी नसावी, पण हात लावता येऊ नये इतकी गरम असताना तिच्यावर जवसाच्या तेलाची चिंधी फिरवावी. धूर निघतो आणि काळे, तुकतुकीत अंग येते. असे दोन-तीन वेळा केले की लवकर गंज धरत नाही. एक सावधगिरी मात्र प्रत्येकीने लक्षात ठेवावी. जवसाच्या तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल सुकताना चिंधी आपोआप तापते आणि पेट घेऊ शकते. उघड्यावर पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात. आणि तांब्याची भांडी चिंचेने घासतो तशी कडी चिंचेने किंवा लिंबाने घासू नये. आंबटाने लोखंड गंजते. पावसाळ्यापूर्वी एकदा कोरड्या कापडाने पुसून तेलाचा हात फिरविला की पुरे.

आणखी एक गोष्ट, आणि ती आपल्या भागात विसरून चालणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. गणेशविसर्जन करून गावे नुकतीच निजली होती. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा आपला धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली. सास्तूरसारखी आपल्या जिल्ह्यातील गावे जमीनदोस्त झाली. जीव घेतले ते दगडमातीच्या जाड भिंतींनी आणि जड माळवदांनी. त्यात कडीचा दोष नाही आणि कडीने भूकंप थांबतही नाही. तरी एवढा धडा घ्यावा की दाराची आतली कडी अंधारात, घाबरलेल्या हाताला, लहान मुलीलासुद्धा एका झटक्यात काढता आली पाहिजे. आपल्या खोलीत बालवाडी भरणार आहे. तेव्हा आतली कडी उंचावर, जड किंवा अडकणारी नको. लोहार समोर बसलेला असला की हे त्याला सांगता येते, करून पाहता येते आणि बदलून घेता येते. दुकानातील डब्याला काही सांगता येत नाही.

माझ्या सूचनेला आक्षेप आहेत, तेही मांडते. घडीव कडी महाग पडते, हे खरे. लोहार उशीर करतो, हेही खरे. सुगीच्या आधी त्याच्याकडे विळ्या-कुळवांची रांग असते. म्हणून काम आत्ता, सुगीच्या आधीच सांगावे, माप दारावर घेऊन द्यावे, आणि आधी एकच कडी घडवून ती लावून पाहावी. न्हाणीघराच्या दाराला सतत पाणी लागते. तिथे न गंजणाऱ्या पोलादाची तयार कडी घ्यावी, असे माझेही मत आहे. खिडक्यांच्या लहान खिट्ट्याही दुकानातून आणाव्यात. माझा आग्रह दोन मोठ्या दारांच्या चार कड्यांपुरता आहे. ज्यांना रोज शंभर हात लागणार, त्या चार कड्या.

आपल्या जिल्ह्यातील तेरच्या उत्तरेश्वर मंदिराच्या प्राचीन लाकडी चौकटीचे कोरीवकाम पाहून अभ्यासक आजही थक्क होतात. त्याच तेरला गोरोबाकाकांची समाधी आहे. मडकी घडविता घडविता ज्याने देव जोडला त्या संताच्या जिल्ह्यात आपण राहतो. तेव्हा हातकामाला हलके लेखणे आपल्याला शोभत नाही, आणि त्यातील अर्धे हात वगळून बाकीच्या अर्ध्यांना मान देणे त्याहून शोभत नाही.

म्हणून माझ्या तीन सूचना सभेपुढे ठेवते. पहिली, दोन्ही दारांच्या कड्या आणि कोयंडे गावच्या भात्यावर घडवून घ्यावेत. दुसरी, मजुरी दोन माणसांची धरावी, पावतीवर लोहारदादा आणि लोहारीणमामी या दोघांची नावे लिहावीत आणि दोघांच्या सह्या किंवा अंगठे घ्यावेत. यात थोडे पैसे अधिक जातील. ते मंडळाच्या शिलकीतून द्यावेत, आणि तेही अवघड वाटत असेल तर यंदाच्या सहलीतून एक गाव कमी करावे. तिसरी, लोहारीणमामींना आपल्या मंडळाचे सभासद होण्याचे निमंत्रण द्यावे. इतकी वर्षे त्यांनी आपल्या विळ्यांना धार लावली, आपल्या घरांच्या कड्या घडविल्या. आपल्या सभेला मात्र त्या कधी आल्या नाहीत, कारण त्यांना कोणी बोलावलेच नाही.

त्यांची पावती लिहिताना आपल्यापैकी प्रत्येकीने मनाशी आणखी एक हिशेब करून पाहावा. दुकानाच्या गल्ल्यामागे, दुधाच्या धंद्यात, खव्याच्या भट्टीवर, शेताच्या बांधावर आपण 'घरच्याच' म्हणून किती घण उचलतो, आणि त्यातील कोणत्या कागदावर आपले नाव आहे? मामींचे नाव लिहिण्यास आपला हात शिकला तर उद्या आपली नावे लिहिण्यासही तो कचरणार नाही.

 माझ्या सूचनांवर अध्यक्षबाईंनी आजच मत घ्यावे अशी विनंती करून मी माझे भाषण संपविते.

जय हिंद! जय महाराष्ट्र!